भारी औषध की नेमके औषध?

मंडळी, घरचा माणूस इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात आहे, घशात नळी आहे, व्हेंटिलेटर नावाचे यंत्र त्याला श्वास देत आहे. अशा वेळी आपण डॉक्टरांना काय म्हणतो? "साहेब, पैशाकडे बघू नका, सगळ्यात भारी औषध द्या." माया खरी; पण भारी औषध नेमके असेलच असे नाही.

एरवी खोकल्याने आपण जंतू बाहेर टाकतो. नळी असली की ही राखण ढिली पडते. तोंडातली लाळ नळीच्या कडेने झिरपून फुप्फुसात उतरते. नळी घातल्यावर 48 तासांनंतर असा न्यूमोनिया होऊ शकतो. तो करणारे स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला हे जंतू पुष्कळदा अनेक औषधांना दाद देत नाहीत.

मग औषध निवडायचे कसे? श्वासमार्गातला स्राव प्रयोगशाळेत जातो. जंतू कोणता आणि तो कशाने मरतो, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबले तर रोगी हातचा जायचा. म्हणून त्या विभागात एरवी कोणते जंतू सापडतात आणि रोग्याला अलीकडे कोणती अँटिबायोटिक औषधे दिली होती, हे पाहून डॉक्टर अनेक जंतूंवर चालणारे औषध सुरू करतात. अहवाल आला की नेमके औषध ठेवून बाकीची काढतात. कीड ओळखू आली की तिचेच औषध फवारावे, तसे हे.

आणि किती दिवस? फ्रान्समधील 51 विभागांतल्या 401 रोग्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. 8 दिवस औषध घेतलेल्यांत 15 दिवसवाल्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले नाहीत. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत मात्र आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. 2016 साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी साधारण 7 दिवस सुचवले. रोग्याची प्रकृती पाहून ते कमी-जास्त होतात.

जादा औषधाने काय बिघडते? कोलिस्टिनसारखे राखीव हत्यार मूत्रपिंडांना इजा करू शकते. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात, आणि ते शेजारच्या खाटेवरही पोचतात.

तेव्हा डॉक्टरांनी औषध उतरवले, तर ती हयगय समजू नका; कारण विचारा. आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून त्यांना दाखवा. आणि शिक्षकबंधूंनो, साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणू नये, एवढे मुलांमार्फत घरोघर पोचवा.