ऊन फिरतं, कुंडीही फिरू द्या

यवतमाळ जिल्ह्यात घरच्या भाजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : उन्हाळ्यात इथं काही जगत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर जातो, नवतपा लागला की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, तेव्हा या वाक्यात तथ्य आहेच. पण घराच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात दुपारनंतर घराचीच सावली पडते, आणि पाणी मिळालं तर तिथं पुदिना मे महिन्यातही हिरवा राहू शकतो. त्याच घराच्या पश्चिमेला लावलेला पुदिना होळीनंतर महिनाभरात करपतो. ऊन किती आहे याइतकंच रोप कुठे आहे यालाही महत्त्व आहे. कुंडी, क्रेट, जुनं घमेलं यांत भाजी लावण्याचा सल्ला बहुतेक वेळा जागा वाचते म्हणून दिला जातो. आपल्या जिल्ह्यापुरतं माझं म्हणणं वेगळं आहे : ही भांडी उचलून दुसरीकडे नेता येतात, हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि त्याचाच वापर आपण सर्वांत कमी करतो.

याचं कारण आकाशात आहे. यवतमाळ साधारण 20.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम 46 अंश वर असतो. त्यामुळे कोणतीही भिंत जवळपास स्वतःच्या उंचीइतकी लांब सावली उत्तरेकडे टाकते. दहा फूट उंचीच्या घराच्या मागे, उत्तरेला, अंगण असेल तर भिंतीलगतची सुमारे दहा फूट जागा ऐन मेथी-पालकाच्या दिवसांत दुपारी सावलीत बसते. तीच सावली पुढे आखडत जाते आणि 21-22 मेच्या सुमारास, शून्य सावलीच्या दिवशी, मध्यान्ही नाहीशी होते. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे हिवाळ्यात ज्या जागेला ऊन हवं तिथं ते नाही, आणि उन्हाळ्यात जिथं सावली हवी तिथं ऊन रणरणतं. जमिनीतल्या वाफ्याला यातल्या एकाच ऋतूशी जुळवून घेता येतं. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात सतराव्या शतकापासून संत्र्याची झाडं मोठ्या लाकडी पेट्यांत वाढवतात, थंडीत त्या पेट्या जाड भिंतींच्या दालनात नेतात आणि उन्हाळ्यात पुन्हा बागेत मांडतात. त्यांना थंडीपासून झाडं वाचवायची होती, आपल्याला उन्हापासून वाचवायची आहेत, तत्त्व एकच.

यावर शेतीची जाण असलेला माणूस लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. जमिनीत मुळं खोल जातात, खालची माती थंड असते. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते आणि चारही बाजूंनी भांडं तापतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हाताला चटका देते, तिला चिकटलेल्या मुळांचं काय होत असेल याची कल्पना करता येते. पण ही हरकत एकाच जागी उन्हात ठेवलेल्या कुंडीला लागू पडते. भाजलेल्या, बिनरंगाच्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि आतली माती माठातल्या पाण्यासारखी थोडी गार राहते. म्हणून अशा कुंडीला ऑइलपेंट फासू नये. मार्चपासून सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर त्या परस्परांच्या भिंतींवर सावली धरतात. बाहेरच्या रांगेत कोरफडीसारखी काटक झाडं ठेवावीत. खाली दोन विटा दिल्या की स्लॅबची किंवा फरशीची धग थेट बुडाला लागत नाही आणि पाण्याचा निचराही नीट होतो. वर सोयाबीनच्या कुटाराचा दोन बोटं जाड थर दिला की माती उघडी पडत नाही. आणि दुपारचं ऊन जिथं येत नाही तिथं हे सगळं नेऊन ठेवता येतं, ते जमिनीतल्या रोपाला शक्य नाही.

हलवायचं तर वजन आलं, आणि इथं आपली माती आड येते. कापसाला मानवणारी काळी जमीन कुंडीत नुसती भरणं ही इथल्या बागांमधली फार महागात पडणारी चूक आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात. कुंडीत ती भांड्याची भिंत सोडून आत सरते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, ताटली भरते, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. बारा इंची कुंडी अशा ओल्या मातीनं भरली तर ती एकट्यानं उचलणं अवघड होतं. त्याऐवजी काळी माती फार तर चौथा हिस्सा, आणि बाकी चांगलं कुजलेलं शेणखत, कुजवलेला पालापाचोळा, मिळाल्यास कोकोपीट, असं मिश्रण केलं तर वजन खूप उतरतं आणि मुळांना हवा मिळते. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाचोळा आणि काडीकचऱ्यातून माती घडवण्याचं तंत्र महाराष्ट्रभर पोचवलं, ते शहरांतल्या गच्च्यांवर रुजलं. ज्या जिल्ह्यात पऱ्हाटी आणि कुटार दर हंगामात पडून असतं तिथं ते अंगणांत दिसायला हवं. हिवाळ्यात रिकामे पडलेले कूलरचे चाकांचे स्टँडही जड कुंड्यांसाठी वापरता येतील.

सर्वांत मोठा आक्षेप पाण्याचा. 2018 मध्ये निळोणा आणि चापडोह धरणं आटल्यावर यवतमाळ शहरानं टँकरमागे जे दिवस काढले ते आठवणाऱ्यांना कुंड्यांना पाणी घालणं ही चैन वाटणं स्वाभाविक आहे. पण हिशेब मांडून पाहावा. ऐन उन्हाळ्यात बारा इंची कुंडीला दिवसाला लीटर-दीड लीटर पाणी लागतं. सावलीत, कुटार पसरून, ते आणखी कमी होतं. अशा आठ-दहा कुंड्यांना बादलीभर पाणी पुरतं, आणि डाळ, तांदूळ, भाजी धुतलेलं बरंचसं पाणी घरात रोज निघतंच. साबणाचं पाणी मात्र नको. कुंड्या मोरीजवळच्या सावलीत आणल्या तर ते पाणी वाहून न्यायचेही कष्ट वाचतात. आणि टंचाई फारच वाढली तर दहातल्या सहा कुंड्या रिकाम्या करून चार जगवण्याचं स्वातंत्र्य आहेच. बोअरच्या जड पाण्यानं मात्र मातीत क्षार साचतात आणि भांड्याच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. त्यावर उपाय म्हणजे मृगाच्या पहिल्या सरींत कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ देणं. पुढे जुलै-ऑगस्टात झड लागली, चार-चार दिवस ऊन दिसेनासं झालं, की मिरची आणि मेथी छपरीत घ्यावी, नाहीतर मुळं कुजतात. याच दिवसांत ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून कोरड्या कराव्यात, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास आठवड्याभरात वाढतो.

एवढं करून हाती किती येतं, हा प्रश्न राहतोच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. चार माणसांच्या घराची ही गरज दहा कुंड्यांतून भागणार नाही, तसं सांगणारी जाहिरात खोटी आहे. वांगी, कोबी, कांदे बाजारातूनच आणावेत. पण कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, थोडाच लागतो, रोज लागतो, लवकर कोमेजतो, आणि ऐन उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याचा भाव चढतो. पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, हिरवी मिरची, पालक यांचंही तसंच आहे. लागतील तेवढीच पानं खुडायची सोय झाली की निम्मी जुडी फेकली जात नाही. त्यातही पीक पाहून जागा बदलायला हवी. सांबाराला उष्णता सोसत नाही, तो पटकन फुलोऱ्यावर येतो. त्याला हिवाळ्यात भरपूर ऊन आणि फेब्रुवारीनंतर फक्त सकाळचं ऊन द्यावं. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाती येते. टोमॅटोची फुलं तीव्र उन्हाळ्यात गळतात, तेव्हा एप्रिलमध्ये त्याचा हट्ट धरू नये. हे हलवणं रोजचं काम नाही, वर्षातून चार-पाच वेळांचं आहे. सावलीतून उघड्या उन्हात आणताना आठवडाभर टप्प्याटप्प्यानं आणावं, एवढंच पथ्य.

भांडं कोणतंही चालतं, एक सोडून. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकांचे रिकामे कॅन आणि डबे कितीही विसळले तरी त्यांत खायची भाजी लावू नये, अंगणात मुलांच्या हाती लागतील असेही ठेवू नयेत. त्यापेक्षा भाजीबाजारातला टोमॅटोचा जुना क्रेट उत्तम. आत जुनं तागाचं पोतं अंथरून सहा इंच हलकं मिश्रण भरलं तर पालक-मेथीला तेवढी खोली पुरते, आणि दोन्ही बाजूंच्या पकडीमुळे दोघांना तो सहज उचलता येतो. ग्रामीण भागात उमेद अभियानानं बचत गटांतल्या महिलांसाठी पोषण परसबागेची मोहीम राबवली. ती चांगली आहे, पण परसबागेला परस लागतो. भाड्याच्या दोन खोल्यांत, पुढे फक्त ओटा असलेल्या घरांत, शेतमजुरांच्या वस्तीत तो नाही, आणि पालेभाजीची गरज तिथं सर्वांत जास्त आहे. अशा प्रत्येक घराला चार क्रेट, दोन मातीच्या कुंड्या, कुजलेलं खत आणि बियाण्याची पुडी बचत गटामार्फत दिली, आणि कोणत्या महिन्यात ओट्याच्या कोणत्या बाजूला काय ठेवायचं याचा एक पानी तक्ता सोबत दिला, तर भाडेकरू घर बदलतानाही आपली मिरची आणि पुदिना सोबत नेऊ शकेल.