मोबाईलच्या मेसेजचा हिशेब तुमच्या वहीत आहे का?

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरात चार पाहुणे, कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती आणि नेमका गॅस संपला. नशिबाने दुसरा सिलिंडर घेऊन गॅसवाला मुलगा दारात उभाच होता. म्हणाला, "वहिनी, कोड सांगा." आमचे गॅसचे कार्ड सासूबाईंच्या नावावर, तेव्हा कोड येणार त्यांच्या बटणांच्या फोनवर. त्यांनी उशाखालून फोन काढून दिला. मी वरखाली पाहिला, मेसेज काही नाही! त्यांचा रिचार्ज कधीचाच संपला होता आणि घरात कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

"अगं, इतके दिवस कुणाचाच फोन नाही, मला वाटलं सगळे आपापल्या कामात असतील," सासूबाई म्हणाल्या.

तो मुलगा सिलिंडर घेऊन परत गेला. भात शेजारच्या काकूंच्या शेगडीवर शिजला. पण सासूबाईंचे ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिले.

रात्री मी हिशेबाची वही काढली. दुधाच्या रतिबात अर्धा लिटर जास्त लागला तर आपण गवळ्याला धारेवर धरतो. फोनचा रिचार्ज मात्र मुलगा नाहीतर यजमान बसल्या बसल्या करून टाकतात आणि तो आकडा आपल्या वहीत येतच नाही. आमच्या घरात चार नंबर! तुमच्याकडे किती आहेत ते मोजा बरं एकदा.

पहिली मेख आहे २८ दिवसांची. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज भरतात तेरा. तेरावा हप्ता कुठून आला हे कुणी विचारत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ साली कंपन्यांना सांगितले की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे पॅकही ठेवा. ते असतात, पण दुकानदार आपण होऊन दाखवील तर शपथ!

आता मेसेजकडे येते. तुम्ही म्हणाल, हल्ली मेसेज पाठवतो कोण? सगळे व्हॉट्सॲपवर चालते. खरे आहे. साधा मेसेज आपण पाठवतो थोडा, आपल्याला येतात मात्र ढीगभर. बँकेचा ओटीपी, गॅसचा कोड, पेन्शन जमा झाल्याची खबर. ते यायला पैसे पडत नाहीत, फक्त नंबर चालू हवा. पण जे दोनचार आपण पाठवतो, तेही भारी महत्त्वाचे. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक मेसेज आपोआप जातो. तो जाण्याची सोय पॅकमध्ये नसेल किंवा शिल्लक नसेल, तर गाडी तिथेच अडते. कंपनी बदलायची तरी आधी १९०० या नंबरावर मेसेज पाठवावा लागतो. २०२१ साली याच मुद्द्यावर तक्रारी झाल्या. स्वस्त पॅकमधून बाहेर जाणारा मेसेजच काढून टाकलेला, म्हणजे गिऱ्हाइकाला कंपनी सोडून जायचीही चोरी! ट्रायने ७ डिसेंबर २०२१ला हुकूम काढला, की पॅक कुठलाही असो, १९०० वरचा हा मेसेज गेलाच पाहिजे.

पूर्वी मेसेजचे वेगळे पॅक घेत होतो, आठवते? स्वस्तात मेसेज म्हणून पैसे भरायचे आणि ऐन दिवाळीला मात्र प्रत्येक मेसेजला पूर्ण दर. २००८ साली ट्रायने बजावले, की असे दिवस आधी जाहीर करा आणि वर्षात पाचाच्या वर नकोत.

आता बहुतेक पॅकमध्ये रोजचे १०० मेसेज असतात. त्यापुढे सहसा स्थानिक मेसेजला एक रुपया आणि बाहेरगावच्या मेसेजला दीड रुपया पडतो. शंभर कुठे होतात, असे वाटेल. पण भिशीच्या किंवा महिला मंडळाच्या चिटणीस असाल तर ध्यानात ठेवा, इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० खुणा मावतात, मराठीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, रिकामी जागा हे सगळे वेगळे मोजतात! 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यातच २७ संपतात. दीडशे खुणांचा मराठी मेसेज लिहिलात की तो एक नव्हे, तीन धरला जातो.

पण सासूबाईंना ना इंटरनेट हवे, ना रोजचे शंभर मेसेज. बटणांच्या फोनला दोन जीबी कशाला हो? तरी वर्षानुवर्षे आपण ते भरत आलो. अखेर २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम केला, की फक्त बोलणे आणि मेसेज असलेला निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. आधी जास्त दराने, मग थोडे उतरवून. त्या वेळचे एअरटेलचे आकडे मी वहीत मांडले ते असे: ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि ९०० मेसेज, ३६५ दिवसांना १८४९ रुपये आणि ३६०० मेसेज. इंटरनेटसकट २८ दिवसांचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १९९ रुपयांचा झाला होता. तो तेरा वेळा भरला तर २५८७ रुपये. म्हणजे एका म्हातारीच्या फोनमागे वर्षाला ७३८ रुपये वाचतात. आकडे बदलत असतात, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा पॅक द्या, असे शब्द वापरूनच विचारा.

घरकामाला येणाऱ्या आमच्या मावशींना मी हे उत्साहाने सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "ताई, अठराशे एकदम कुठून आणू?" मी गप्प झाले. गरिबाला हप्त्याने घ्यावे लागते म्हणून त्यालाच महाग पडते, हे साखरेपासून चालत आले आहे. मग आम्ही दोघींनी ८४ दिवसांचा हिशेब केला. १९९ चे तीन म्हणजे ५९७, आणि हा ४६९. तेवढ्याच दिवसांत १२८ रुपये वाचले. त्यांचा फोनही बटणांचाच. ज्यांना व्हॉट्सॲप लागते त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, वेगळे इंटरनेट घ्यायला गेलात तर वाचलेले तिथेच जाईल.

आणखी एक. न मागता एखादी सेवा सुरू होऊन पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर 'स्टॉप' असा मेसेज इंग्रजीत पाठवा. तक्रारीसाठी १९८ आहेच.

सासूबाईंचा वर्षाचा पॅक मी घेतला आणि संपण्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवली. परवा सिलिंडर आला, तेव्हा त्या माझ्या आधी दारात. चष्मा लावून त्यांनी कोडचा एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, सकाळपासून तीन फोन आले मला. बडबडून बडबडून घसा बसला."