‘आधी कमी करतो, मग येतो’

फोनवर हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जुना सभासद. दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होतो, आता निवृत्त आहे. समूहाचा फोन बरेचदा माझ्याकडेच असतो. या लेखाला माझं नाव नाही, कारण छापील मजकुरात सभासदाने नाव-फोटो द्यायचा नाही ही आमची परंपरा. आणि त्या वाक्याला माझं उत्तर ठरलेलं : “अहो, कमी करता आली असती तर फोन कशाला केला असतात? आहात तसे या.”

आमच्यात यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. सोडलेली असली पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. पिऊन आलात तरी मागच्या बाकावर बसा आणि ऐका. बोलायला मात्र त्या दिवशी उठू नका.

हे सगळं सुरू झालं तेच एका फोनमुळे. 1935 साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाला आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. बारकडे जायच्या ऐवजी त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले : मला बोलायला एखादा दारुडा गाठून द्या. अशी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथशी, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही म्हणून आलेला डॉक्टर काही तास बसला. 10 जून 1935 नंतर तो प्यायला नाही, आणि तीच ए.ए.ची जन्मतारीख धरतात. भारतात 1957 च्या सुमारास मीटिंगा सुरू झाल्या.

आता तुमच्या गावात मीटिंग कशी शोधायची? ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी आणि फोन नंबर मिळतात. नेट जमत नसेल तर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण हे केंद्र आहे. सरकारची 14446 ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. फोनवर वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या. मीटिंग ओपन की क्लोज्ड तेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत आलं तरी चालतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी.

आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते. बाहेर मोठा बोर्ड नसतो, पण वॉचमनला ‘ए.ए.’ म्हटलं की तो जिन्याकडे बोट दाखवतो. बाक तिसरीच्या पोरांचे, गुडघे आत जात नाहीत. भिंतीवर बाराखडी, त्याशेजारी आम्ही तासाभरापुरता ए.ए.च्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे सावरण्याच्या बारा टप्प्यांचा, तक्ता टांगतो. एकेक जण उठतो, नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि स्वतःचं बोलतो : उधारी, मुलीच्या लग्नातला तमाशा, काल गुत्त्यासमोरून न थांबता काढलेली सायकल. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नव्या माणसाने नुसतं ऐकलं तरी चालतं. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते. नव्याने त्यात काही टाकायचं नाही. चहा होतो, आणि जाताना दोघे-तिघे आपले नंबर चिठ्ठीवर लिहून देतात. रात्री अकरा वाजता तल्लफ आली तर पहिल्या पेगच्या आधी फोन करायचा, त्यासाठी ते नंबर.

मीटिंगमधली प्रार्थना ऐकून काही जण बिचकतात. देव ज्याचा त्याने ठरवायचा, न मानणारेही आमच्यात आहेत. एक समूह रुचला नाही तर दुसरा बघा. एखादा कीर्तनकार आवडला नाही म्हणून कुणी पंढरी सोडत नाही.

मात्र एक गोष्ट ठणकावून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो. प्रसंगी जिवावर बेततं. ते काम दवाखान्याचं. आमचं काम त्यानंतरच्या रोजच्या दिवसाचं. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. ए.ए.शी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांनी दारूपासून सलग दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त दिसलं.

पुष्कळ फोन बायकांचे असतात. “दादा, हे ऐकतच नाहीत हो.” त्यांना मी सांगतो, ताई, तुमच्यासाठी अल-अॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना आहे, बिलच्याच बायकोने, लोइसने, 1951 साली ती उभी केली. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं हे शिकवत नाहीत, आपण कसं सावरायचं ते बोलतात. ते ‘उद्या’ म्हणत राहिले तरी तुम्ही आजच जा. त्यांच्या होकारासाठी थांबायचं काही कारण नाही.