सगळेच हिरवे, तरीही तोटा!

उत्पादनप्रमुख, वित्तप्रमुख, विक्रीप्रमुख ही मंडळी आपापल्या क्षेत्रात निष्णात असतात. मात्र एका टेबलाभोवती बसली की त्यांतील प्रत्येकजण आपल्या खात्याचा वकील होतो. स्वतःच्या अडचणी झाकायच्या आणि शेजाऱ्याच्या उघड्या पडण्याची वाट पाहायची, असा अलिखित रिवाजच पडतो. वरिष्ठांमध्ये समन्वय हवा, हे व्यवस्थापनशास्त्राचे प्रत्येक पुस्तक सांगते. तो प्रत्यक्षात कसा घडतो, हे पाहायचे तर अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीचा अनुभव उद्बोधक आहे.

विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीत हयात घालवलेले अॅलन मुलाली सप्टेंबर २००६ मध्ये फोर्डचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्या वर्षी कंपनीला साडेबारा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. फोर्डचे प्रादेशिक विभाग म्हणजे जवळजवळ स्वतंत्र संस्थानेच होती. युरोपातली ‘फोकस’ आणि अमेरिकेतली ‘फोकस’ नावाने एक असली, तरी प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गाड्या होत्या. म्हणजे खर्चही दुप्पट.

मुलालींनी दर गुरुवारी सकाळी डिअरबॉर्नच्या मुख्यालयात सर्व विभागप्रमुख व खातेप्रमुखांची बैठक सुरू केली. हजेरी अनिवार्य, परदेशातील अधिकाऱ्यांनी व्हिडिओद्वारे सहभागी व्हायचे. प्रत्येकाने आपल्या कामाची स्थिती रंगांनी दाखवायची: सुरळीत असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडले असेल तर लाल. बैठकीत आपापसांत कुजबुज नको आणि दुसऱ्याची टिंगल तर मुळीच नको.

पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवेगार! कंपनी अब्जावधी डॉलर गमावत असताना कुठेच काही अडलेले नाही काय, असे अखेर मुलालींना विचारावे लागले. अधिकाऱ्यांची भीती मात्र अनाठायी नव्हती. फोर्डमध्ये अडचण कबूल करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोलीत देणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

ही कोंडी अमेरिका विभागाचे प्रमुख मार्क फील्ड्स यांनी फोडली. मुलाली आले नसते तर त्या खुर्चीचे दावेदार मानले जाणारे हे गृहस्थ. कॅनडातील ओकव्हिल कारखान्यात तयार होणाऱ्या ‘एज’ या नव्या गाडीत दोष आढळल्याने त्यांनी तिची रवानगी थांबवली होती. बैठकीत त्यांनी तक्त्यावर लाल रंग दाखवला आणि दालनात शांतता पसरली. आता यांची नोकरी गेली, असेच अनेकांना वाटले. मुलालींनी मात्र टाळ्या वाजवल्या आणि फील्ड्सना मदत कोण करू शकेल, एवढेच विचारले. पाहता पाहता इतर खात्यांतून मदतीचे प्रस्ताव आले. पुढच्या बैठकीतही फील्ड्स आपल्या जागी कायम आहेत हे दिसल्यावर, हळूहळू इतरांचेही तक्ते लाल-पिवळे होऊ लागले.

येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. अडचणीचा खल गुरुवारच्या बैठकीत होत नसे. त्यासाठी संबंधितांचीच वेगळी बैठक भरे. शिवाय उत्तर मुलाली स्वतः देत नसत. तसे केले असते तर प्रत्येकजण त्यांच्याकडे पाहत राहिला असता, एकमेकांकडे नव्हे.

अर्थात, फोर्ड केवळ बैठकांनी तरली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. २००६ च्या अखेरीस, मंदी येण्यापूर्वीच, मालमत्ता व बोधचिन्हसुद्धा गहाण ठेवून उभारलेले २३ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे कर्ज हा मोठा आधार होता. २००८ मध्ये जग्वार व लँड रोव्हर हे ब्रँड टाटा मोटर्सला विकून फोर्डने आपला पसाराही आवरला. २००९ मध्ये जनरल मोटर्स व क्रायसलर या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा फोर्डने सरकारी बचाव योजनेविना त्या वर्षी २.७ अब्ज डॉलर नफा मिळवला. पुढे सर्व खंडांसाठी मूलतः एकच ‘फोकस’ आली.

मुलाली २०१४ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर फील्ड्स बसले. तीन वर्षांनी, मे २०१७ मध्ये, त्यांनाही ते पद सोडावे लागले.