कुत्र्याची दूध-पोळी

‘आमच्या गावाकडची कुत्री शिळ्या भाकरीवरच वाढली, त्यांना कधी काही झालं नाही.’ कुत्र्याच्या खाण्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि आता ते ऐकवत नाही. काही झालं नाही, हे पाहिलं कुणी? कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के उरली. यातले बरेच मृत्यू माणसांमुळे झाले, भाकरीमुळे नव्हे. पण मेलेली सोडून फक्त जगलेली मोजायची आणि त्यावरून आहार ठरवायचा, हा कुठला हिशेब? शिवाय गावातलं कुत्रं उंदीर-घुशी खातं, खाटकाच्या दुकानापाशी ताटकळतं, उकिरडा उकरतं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला तुम्ही वाडग्यात घालाल तेवढंच मिळतं.

कुत्र्याला पोळी पचते, यात शंका नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधनात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या जनुकाच्या प्रती मोजल्या होत्या. लांडग्यात त्या २ निघाल्या, कुत्र्यात ४ ते ३०. त्यामुळे ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य विषासारखं’ हेही चूक. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. दूध-पोळीने पोट भरतं, उष्मांक मिळतात. जस्त मात्र गरजेच्या निम्मंही मिळत नाही, आणि जे असतं तेही कणकेतलं फायटेट अडवून धरतं. मग डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरतात. ड जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्लंही कमीच पडतात. केस निस्तेज होऊन गळायला लागले की घरचे शाम्पू बदलत बसतात! दुधाचं म्हणाल, तर मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांत लॅक्टोज पचवणारं विकर कमी होतं. रोजच्या पातळ शीचं कारण अनेकदा तेच असतं.

‘मग चिकन-भात देतो’ असं लगेच ठरवू नका. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. वाढत्या पिल्लाचं शरीर ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढतं; पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यातल्या काही खुद्द पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या. घरचंच द्यायचं तर जरूर द्या, पण कॅल्शियम आणि खनिजांचं प्रमाण पशुवैद्याकडून वजनानुसार ठरवून घ्या.

तयार खाद्याचं पाकीट घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलंय का, आणि तो पिल्लासाठी की मोठ्या कुत्र्यासाठी, एवढं आधी शोधा. ‘पूरक’ लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे. ‘धान्यविरहित’ म्हणजे उत्तम, असंही नाही. कडधान्यं भरलेल्या अशा काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये सुरू केली. संबंध सिद्ध झालेला नाही, पण जादा पैसे मोजण्याजोगा फायदाही दिसलेला नाही.

आता इतर काही समज. हाडांनी दात साफ होतात? शिजवलेलं हाड फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या आतडं फाडू शकतात. लसणाने गोचीड जातात? कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. प्रसादाचा शिरा चमचाभर चालतो? त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर धोका नाही हे कुणालाच सांगता येत नाही. खाल्ले असतील तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.