सौर पंपाचे पाणी शुद्ध असते काय?

सांवेर रोडवरील माझ्या दवाखान्यात एका श्रावणात शेतकरी कुटुंबातील दीड वर्षाचे बालक महिनाभरात तिसऱ्यांदा जुलाबाने कोमेजून आले. पाणी कोणते पिता, असे विचारताच आजोबा अभिमानाने म्हणाले, "सोलरचे पाणी आहे, डॉक्टरसाहेब!" शेतातील कूपनलिकेवर सौर पंप बसल्यापासून घरी तेच पाणी येत होते.

हा गैरसमज मी वारंवार पाहतो. सौर पट्टिका उन्हापासून वीज निर्माण करते आणि त्या विजेवर पंप पाणी उपसतो. तिचे काम एवढेच. विजेची वाट पाहत रात्र जागवावी लागत नाही, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरतो, हा लाभ मोठाच आहे. परंतु भूगर्भात पाणी जसे असेल तसेच ते वर येते. पुढे झाकण नसलेली टाकी, पक्ष्यांची विष्ठा आणि माठात बुडणारा हात!

सूर्याकडून निर्जंतुकीकरणही करून घेता येते, पण ते वेगळे काम आहे. बैरूतचे संशोधक आफ्तिम अक्रा यांनी १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये जलसंजीवनीचे द्रावण सूर्यप्रकाशाने निर्जंतुक होते, असे दाखविले. आम्हा बालरोगतज्ज्ञांना याचे विशेष अप्रूप. त्यातूनच पुढे सोपी पद्धत रूढ झाली: पारदर्शक प्लॅस्टिक बाटलीत नितळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. अतिनील किरण व उष्णता मिळून जंतूंचा नाश करतात. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचत नाहीत. आभाळ भरलेले असेल तर दोन दिवस लागतात, आणि सततच्या पावसात ही पद्धत निरुपयोगी ठरते. म्हणजे जुलाबाच्या ऐन हंगामात सूर्यदेव रजेवर! तेव्हा उकळणे किंवा क्लोरीन, हाच मार्ग.

सूर्यचुलीवरही पाणी निर्जंतुक होते. त्यासाठी उकळीची गरज नसते. ६५ अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटे टिकले तरी पुरते. आपल्या इंदूरच्या बरली संस्थेने आदिवासी मुलींना सूर्यचुली शिकविल्या. झाबुआतील ३०२ गावांतून नारू हटविण्याच्या कार्यासाठी तिला १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल ५००' सन्मान लाभला होता.

मला अधिक चिंता वाटते ती नायट्रेटची. युरिया आणि शौचखड्डे यांतून ते भूजलात झिरपते. आपल्या मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला ऊन, क्लोरीन वा तुरटी काहीही करू शकत नाही. उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. काही महिन्यांच्या बाळाला अशा पाण्यात दुधाची भुकटी कालवून दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. माता मात्र काळजीने पाणी अधिकच उकळते!

त्या घरात चार महिन्यांची चुलतबहीणही होती. तिला वरचे पाणी व गुटी तत्काळ बंद करून सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपान सांगितले. पाण्याचा नमुना तपासणीस पाठविला. नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक निघाले.

आता तो सौर पंप शेतीसाठी आणि धुण्याभांड्यांसाठी चालतो. पिण्याचे पाणी मुलगा मोटारसायकलवरून तपासणी झालेल्या दुसऱ्या विहिरीवरून आणतो, आणि क्लोरीनचे थेंब आजोबा स्वतः मोजून टाकतात.