शाळेचा ग्रुप म्यूटवर, आणि मुलाचा अभ्यास?

तुमच्या फोनमध्ये मुलांच्या शाळेचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नक्की असणार. आणि खरं सांगा, तो म्यूटवर आहे ना? सकाळी ‘गुड मॉर्निंग’ची रांग, दुपारी कुणाचा तरी हरवलेला डबा, संध्याकाळी गृहपाठाचा फोटो आणि त्याखाली ओळीने ‘ओके मॅम’, ‘ओके मॅम’. आपणही एक ‘ओके मॅम’ टाकतो आणि फोन खाली ठेवतो. शाळेशी बोलणं झालं असं वाटतं. पण त्या दिवशी मुलाची वही आपण उघडलेली नसते.

आमच्या झाशीच्या बडा बाजारात हे रोज दिसतं. राणी महाल आणि मानिक चौकाच्या आसपासचा हा जुना बाजार. दुकान खाली, घर वर किंवा मागच्या गल्लीत. घरात चांगला स्मार्टफोन एकच असेल, तर तो दिवसभर बाबांबरोबर दुकानात असतो, कारण गिऱ्हाइकाच्या पैशांचे मेसेज त्यावरच येतात. शाळेचा मेसेज दुपारी येतो, गल्ल्यावर बसूनच वाचला जातो आणि मुलापर्यंत पोचतो रात्री साडेनऊला, जेव्हा त्याचे डोळे मिटायला लागलेले असतात. पालकांना काळजी नाही असं कोण म्हणेल? मेसेज नको त्या वेळी, नको त्या माणसाकडे जातो, एवढंच.

यावर बहुतेक घरांत उपाय निघतो तो ‘मुलाला एक वेगळा फोनच घेऊन देऊ’. थोडं थांबा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांबद्दल ‘असर २०२४’ या पाहणीत एक आकडा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कशासाठी तरी वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे होते सुमारे ७६ टक्के. फोन मुलाच्या हातात दिला म्हणजे पालक अभ्यासात सहभागी झाले, असं काही होत नाही. उलट बऱ्याच घरांत पालक तिथूनच बाहेर पडतात.

‘शिक्षा’ म्हणजे काय हो?

आपल्यासारख्या मराठी घरांची इथे आणखी एक गाठ आहे. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले, तेव्हापासून मराठी माणूस या गावात आहे. घरात मराठी, गल्लीत बुंदेली, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. मुलं यातून सहज वाट काढतात. अडकते ती नागपूरहून किंवा साताऱ्याहून लग्न होऊन आलेली आई. तिला देवनागरी वाचता येते, म्हणून सगळे समजतात की तिला सगळं कळतं. पण ‘बेसिक शिक्षा अधिकारी’ हे शब्द पहिल्यांदा वाचल्यावर तिच्या मनात काय येत असेल! मराठीत शिक्षा म्हणजे दंड, छडी. हिंदीत ‘चेष्टा करना’ म्हणजे प्रयत्न करणं. मराठी घरात मुलाने चेष्टा केली तर आजी कान पिरगाळेल. ‘अभ्यास’ म्हणजे हिंदीत सराव. शब्द ओळखीचे, अर्थ परके. हसण्यावारी नेता येतं, पण याच संकोचापायी ती आई पालकसभेत मागच्या बाकावर बसते आणि ग्रुपवर एक अक्षर टाइप करत नाही.

आता तंत्रज्ञान तिच्यासाठी काय करू शकतं?

याचं सगळ्यात साधं उत्तर मला आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात सापडलं. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तिथे सुमारे ४,५०० कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचा एक एसएमएस. काही घरांना तोच एसएमएस आणि शिवाय शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोन स्पीकरवर, आई-बाबा आणि मूल दोघं ऐकतायत, शिक्षक एक उदाहरण घालतात, मूल सोडवतं, पालक बघतात. स्मार्टफोन नाही, अ‍ॅप नाही, इंटरनेटसुद्धा नाही. नुसत्या एसएमएसने फारसं काही बदललं नाही. फोन आलेल्या घरांतली मुलं मात्र गणितात पुढे गेली. हाच प्रयोग नंतर भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्येही करून पाहिला गेला, आणि तिथेही फोनचा उपयोग झाला.

म्हणजे आपल्या ग्रुपवर रोज जे पडतं, ते बोत्सवानाच्या त्या नुसत्या एसएमएससारखं आहे. सूचना येते, पण पलीकडून कुणी बोलत नाही, आणि घरी नेमकं काय करायचं ते कळत नाही.

परितेवाडीची पुस्तकं

रणजितसिंह डिसले हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालेले. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, त्याचीच बातमी जास्त गाजली. मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते २००९ मध्ये त्या शाळेत आले तेव्हा तिथल्या बऱ्याच मुलींच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं तिला कळत नव्हती. डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. मग पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ सुरू होतो. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि देशभरातल्या पुस्तकांतही पोचले. कोडच्या आधी भाषा आली, हा क्रम विसरू नका.

झाशीतल्या आपल्या घरांना हे उलट्या दिशेने लागू पडतं. पुस्तकातला धडा हिंदीत आहे आणि आईला अडतंय, तर त्यातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपवरून स्कॅन करून तो धडा मुलाबरोबर बसून ऐका. हे अ‍ॅप २०१७ पासून आहे आणि फुकट आहे. इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातल्या मुलाला गणितातली एखादी कल्पना मराठीत समजावून सांगायची असेल, तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. चौथीच्या मुलाचा अपूर्णांक आजीला समजला, तर ती तो पोळीचे तुकडे करून शिकवते. तिच्याइतका वेळ आणि धीर घरात दुसऱ्या कुणाकडे आहे?

उत्तर प्रदेशातलंच एक उदाहरण. २०१९ मध्ये गूगलने ‘बोलो’ नावाचं वाचनाचं अ‍ॅप आणलं, नंतर त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं आणि मराठी गोष्टीही आल्या. बाजारात आणण्याआधी ते याच राज्यातल्या सुमारे २०० गावांत वापरून पाहिलं होतं. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारलं, असं कंपनीने सांगितलं. मूल मोठ्याने वाचतं, चुकलं तर अ‍ॅप सांगतं. उपयोगी आहे, वाद नाही. पण मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला समोर ऐकणारं कुणी लागतं, आणि ते काम पुण्यातली आजी व्हिडिओ कॉलवर जास्त चांगलं करेल असं माझं मत आहे. अ‍ॅप ‘शाबास’ म्हणतं. आजी विचारते, “मग त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं रे?”

आयांचा ग्रुप कसा असतो

महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात एका वस्तीतल्या, गल्लीतल्या आयांचे छोटे गट करतात. त्यांना दर आठवड्याला घरी करायच्या सोप्या कृती मिळतात, कार्डावर किंवा मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओतून. भाज्या वेगवेगळ्या करा, डबे लहान-मोठे लावा, अशा. बाईला आपण ‘शिकवतोय’ असं वाटतही नाही, ती भाजी निवडत असते.

आता हे बडा बाजारात आणून बघा. दुकानाच्या घरातलं मूल तर अंकांमध्येच वाढतं. रोजची बिलं, वजनं, सुट्टे पैसे. तीन-चार घरच्या आयांनी मोठ्या ग्रुपपासून वेगळा एक छोटा ग्रुप केला आणि त्यावर आठवड्यातून एकच गोष्ट टाकली, ‘आज मुलाकडून दहा बिलांची बेरीज तोंडी करून घेतली, तीन चुकली’, तर तो ग्रुप म्यूट होणार नाही. टाइप करायला लाज वाटत असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. व्हॉइस मेसेजमध्ये ऱ्हस्व-दीर्घ कुणी बघत नाही. ज्या आईने स्वतः चौथीनंतर शाळा सोडली, तिलाही त्यात बोलता येतं.

घरात भांडण होऊ शकतं असा एक मुद्दाही सांगून टाकते. शाळेच्या ग्रुपमध्ये नंबर कुणाचा आहे ते बघा. तो दुकानात असणाऱ्या बाबांचा असेल आणि संध्याकाळी मुलाजवळ आई किंवा आजी असेल, तर शाळेला सांगून दुसरा नंबर जोडून घ्या. बाबांना बाहेर काढायचं नाहीये! उत्तर प्रदेशात सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गणवेश, बूट-मोजे, दप्तराचे पैसे २०२१ पासून थेट पालकांच्या बँक खात्यात येतात. त्याचा मेसेज ज्यांच्याकडे येतो ते बाबा दप्तर आणतात, पण त्यात वही कोणती चालू आहे हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी दुपारचे दोन मिनिटांचे कॉल ठेवा. शाळा सुटली की मुलाने दुकानात फोन करायचा आणि आज शिकलेली एक गोष्ट सांगायची. गिऱ्हाईक समोर असलं तरी दोन मिनिटं निघतात.

फोन बंद करणारं गाव

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळंच केलं. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, वाचनाला बसतात, मोठी माणसं बोलतात. भोंगा हेही तंत्रज्ञानच, फक्त शंभर वर्षं जुनं. बडा बाजारात सातला भोंगा वाजवला तर व्यापारी मंडळी काय म्हणतील ते मला माहीत आहे. पण एका घरापुरता गजर लावायला कुणाची परवानगी नको.

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्या टोकाची. हजेरीचा मेसेज, गुणांचा मेसेज, सीसीटीव्ही, मुलाचा फोन कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप. काही पालकांचा सहभाग म्हणजे मुलावर चोवीस तास पहारा. चाचणीत सहा गुण पडल्याचं मूल घरी पोचायच्या आधी घरात कळलेलं असतं आणि दारातच चौकशी सुरू. एकदा असं झालं की पुढच्या वेळी ते मूल आपणहून काहीच सांगत नाही. मेसेज आला तरी आधी मुलाला बोलू द्या. आणि गुणांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, आपल्याच काय, कुणाच्याही मुलाचे.

सावध राहायची आणखी एक जागा आहे. ‘मोफत डेमो’ म्हणून फोन येतो, घरी माणूस येतो, मुलाची परीक्षा घेतो आणि तुमचं मूल किती मागे आहे हे सांगतो. मग हप्ते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अशा ऑनलाइन शिकवणी कंपन्यांबद्दल पालकांना सावधगिरीची सूचना दिली होती, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका असंही त्यात होतं. जे पालक स्वतः फार शिकलेले नाहीत त्यांना ही भीती सगळ्यात लवकर विकली जाते. त्या पैशांची गरज नाही, आधी वर सांगितलेलं फुकटातलं करून बघा.

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर एक हक्कही वापरा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. बैठक कधी आहे आणि काय ठरलं, हे ग्रुपवर टाका अशी मागणी करता येते. ‘गुड मॉर्निंग’पेक्षा ते बरं.

आणि बाईंशी बोलायची सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल, तर हा मेसेज तयार आहे. हिंदीत आहे, जसाच्या तसा पाठवा किंवा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा. मोठ्या ग्रुपवर नको, बाईंच्या नंबरवर, शाळा सुटल्यानंतर आणि रात्री आठच्या आत:

“नमस्ते मैडम, मैं आपकी कक्षा के एक बच्चे की माँ बोल रही हूँ। इस हफ़्ते कक्षा में क्या चल रहा है, और घर पर रोज़ दस मिनट मैं उससे क्या करवाऊँ? बस एक चीज़ बता दीजिए।”

मुलाचं नाव घालायला विसरू नका.